इशाऱ्याचा नुसता आवाज वाजवायलाही बंदी का?

अमेरिकेत टीव्हीवर किंवा रेडिओवर वादळाचा इशारा येतो तेव्हा आधी तीनदा कर्कश खरखर होते, मग कान किटवणारा दुहेरी भोंगा वाजतो आणि त्यानंतर माणूस बोलतो. तिथल्या मराठी मंडळींना हा क्रम पाठ असेल. यातली खरखर आपल्यासाठी नसतेच. ती पुढच्या स्टेशनच्या यंत्राला दिलेली आज्ञा असते, आणि त्या आज्ञेवर कोणाची सही नसते. एफसीसी, म्हणजे अमेरिकेतली प्रसारणाची नियामक संस्था, खऱ्या इशाऱ्याशिवाय हे आवाज सहसा वाजवू देत नाही. ती एवढी कडक का, याचं उत्तर तिथेच आहे.

या यंत्रणेचं नाव ईएएस, म्हणजे इमर्जन्सी अलर्ट सिस्टीम. खरखरीतल्या कोडला 'सेम' म्हणतात. त्यात एक बिट १.९२ मिलिसेकंदांचा असतो. २०८३.३ हर्ट्‌झच्या चार लहरी आल्या की तो १, आणि १५६२.५ हर्ट्‌झच्या तीन आल्या की ०. सुरुवातीला एकच बाइट १६ वेळा जातो, म्हणजे घेणाऱ्या यंत्राला ताल पकडता येतो. त्यापुढे हेडर, म्हणजे इशाऱ्याचा तपशील सांगणारा भाग, येतो. न्यू जर्सीतलं एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत आहे, तिथे टोर्नेडोचा इशारा द्यायचा असेल तर ते साधारण असं दिसेल:

झेडसीझेडसी-डब्ल्यूएक्सआर-टीओआर-०३४०२३+००३०-१७६२१३०-

झेडसीझेडसी ही सुरुवातीची खूण, डब्ल्यूएक्सआर म्हणजे इशारा हवामान खात्याचा, टीओआर म्हणजे टोर्नेडो. ०३४०२३ मधला पहिला शून्य सांगतो की इशारा पूर्ण काउंटीसाठी आहे, ३४ हे न्यू जर्सी आणि ०२३ ही मिडलसेक्स. असे ३१ भागांचे कोड एका हेडरमध्ये बसतात. +००३० ही मुदत, अर्धा तास. १७६२१३० म्हणजे वर्षाचा १७६ वा दिवस, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ २१:३०. शेवटी पाठवणाऱ्या स्टेशनची आठ अक्षरी ओळख येते, ती वर लिहिलेली नाही.

आता यात काय नाही ते बघा. वर्ष नाही. चूक पकडणारा चेकसम नाही. पाठवणारा खरा आहे याचा पुरावा नाही. चेकसम नाही म्हणूनच हेडर एकेका सेकंदाच्या अंतराने तीनदा पाठवतात आणि तीनपैकी दोन जुळले की यंत्र ते खरं मानतं. स्टेशनची ओळख कोणीही काहीही टाकू शकतो. प्रत्येक स्टेशनचं यंत्र किमान दोन दुसरे स्रोत सतत ऐकत असतं, त्यामुळे एका ठिकाणी वाजलेलं हेडर साखळीने पुढे जातं. ते खऱ्या इशाऱ्यातून आलं की रेकॉर्डिंगमधून, यंत्राला फरक कळत नाही.

२४ ऑक्टोबर २०१४ ला नेमकं हेच झालं. आयहार्टमीडिया या रेडिओ कंपनीच्या एका सकाळच्या कार्यक्रमात २०११ च्या राष्ट्रीय चाचणीचं रेकॉर्डिंग वाजलं. त्यात ईएएन हा कोड होता, म्हणजे राष्ट्रीय आणीबाणी, जो पुढे पाठवणं सक्तीचं असतं. ज्या यंत्रांनी तारीख तपासली नाही त्यांनी तो अनेक राज्यांत पुढे ढकलला. कंपनीला १० लाख डॉलर भरावे लागले. पुढे २०१८ मध्ये वेळेच्या चौकटीत न बसणारा इशारा यंत्राने नाकारलाच पाहिजे असा नियम आला. पण हेडरमध्ये वर्षच नसल्यामुळे ही गाळणी पूर्ण भरवशाची नाही. म्हणून मला एफसीसीच्या नियमांतलं कलम ११.४५ हाच खरा बांध वाटतो. खरी आणीबाणी, अधिकृत चाचणी किंवा ठरावीक अटींवरची जनजागृती सोडून हे कोड, भोंगा किंवा त्यांची नक्कलसुद्धा प्रसारित करायची नाही. २०१४ मध्ये एका चित्रपटाच्या जाहिरातीत हे आवाज वापरल्याबद्दल व्हायाकॉम या माध्यम कंपनीला ११ लाख २० हजार डॉलरचा दंड प्रस्तावित झाला आणि २०१५ मध्ये तो कायम झाला. २०१९ मध्ये एबीसी या टीव्ही कंपनीने एका विनोदी कार्यक्रमासाठी ३ लाख ९५ हजार भरले. तिथे मोबाइलच्या इशाऱ्याची फक्त नक्कल होती.

साउंड एडिटरने एवढं करावं: फाइल स्पेक्ट्रम व्ह्यूमध्ये उघडावी. भोंगा ८५३ आणि ९६० हर्ट्‌झच्या दोन सरळ आडव्या रेघांसारखा दिसतो. खऱ्या इशाऱ्यात तो ८ ते २५ सेकंद चालतो. बातमीत इशारा ऐकवायचा असेल तर हेडर, भोंगा आणि इशारा संपल्याची शेवटची खरखर पूर्ण कापून फक्त माणसाचा आवाज ठेवावा. आवाज कमी करून किंवा वर संगीत टाकून भागत नाही, कारण डिकोडर, म्हणजे कोड वाचणारं यंत्र, क्षीण हेडरही उचलू शकतं. नाटकात भोंगा हवाच असेल तर चढ-उताराचा सायरन घ्यावा.

स्टेशनवरचे बिघाड बहुतेक साधेच असतात. घड्याळ यूटीसीवर नसेल तर खरा इशाराही मुदत संपलेला म्हणून टाकला जातो. शेजारच्या काउंटीचा कोड भरायचा राहिला तर यंत्र गप्प बसतं. इशारा संपल्याचा शेवटचा कोड एनएनएनएन, तोही तीनदा, पोहोचला नाही तर पुढच्या स्टेशनचं यंत्र दोन मिनिटांची मर्यादा संपेपर्यंत कार्यक्रम अडवून ठेवतं. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलण्याची किंमत २०१३ मध्ये माँटानातल्या ग्रेट फॉल्सच्या प्रेक्षकांनी पाहिली: मढी उठून माणसांवर हल्ले करताहेत, असा इशारा तिथे टीव्हीवर झळकला.

नवा कोड नियमात आला म्हणजे यंत्राला कळला असं नाही. २०१७ चा पोलिसांवरील हल्ल्यांसाठीचा बीएलयू असो की २०२४ चा बेपत्ता व्यक्तींसाठीचा एमईपी, फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं सॉफ्टवेअर, अपडेट केल्याशिवाय जुनं यंत्र तो ओळखत नाही. हे काम वार्षिक देखभालीवर ढकलू नये.

सीएपी या इंटरनेटवरून येणाऱ्या इशाऱ्यांच्या स्वरूपात डिजिटल सही असते. आपल्याकडची, म्हणजे भारतातली, 'सचेत' ही इशारा यंत्रणा सीएपीवरच चालते. अमेरिकेत दोन्ही वाटा एकत्र चालतात आणि हवेतून येणाऱ्या हेडरला अजून सही नाही. त्यामुळे चुकून खोटा इशारा गेलाच तर तो लक्षात आल्यापासून २४ तासांच्या आत एफसीसीच्या ऑपरेशन्स सेंटरला ईमेल करावाच लागतो. तोपर्यंत यंत्राचा लॉग पुसू नका. कोणतं हेडर कुठून आलं आणि किती वाजता पुढे गेलं, ते त्यातच सापडतं.