रामपूर ते ग्रांफू: उंच सीटच्या गाडीवरून स्पिती

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा मावसभाऊ दोन गाड्या घेऊन हिमाचलातल्या स्पितीत जाऊन आलो. रामपूर, कल्पा, नाको, ताबो, काझा, मग कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल आणि शेवटी बातल–ग्रांफूच्या रस्त्यानं बाहेर. सहा दिवस लागले. माझी अ‍ॅडव्हेंचर बाईक साडेचारशे सीसीची, सीट जमिनीपासून सव्वाआठशे मिमी उंच, टाकी भरली की वजन दोनशे किलोच्या आसपास. दादाची दोनशे सीसीची, माझ्या गाडीपेक्षा चाळीस किलोंनी हलकी. माझी उंची पाच फूट तीन इंच. हे आकडे आधीच देते, कारण या सहा दिवसांत जे काही चांगलं-वाईट घडलं त्यात त्यांचा हात होता.

अशी गाडी नवी घरी आली की पहिले दोन महिने तिचा जाच वाटतो. सिग्नलला थांबलं की एकच पाय पोचतो, तोही चवड्यावर. पुढचं चाक २१ इंची, त्यामुळे डांबरी वळणावर ती सावकाश झुकते. हँडल रुंद, गर्दीतून निघताना आरसे सांभाळावे लागतात. जाड बटणांच्या टायरचा घूं-घूं आवाज दिवसभर कानात राहतो. मीही वैतागले होते, आणि सीट खाली आणायला मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून घ्यायच्या विचारात होते. ती बदलली नाही हे फार बरं झालं. लिंक बदलली की सीटबरोबर इंजिनाचं पोटही खाली येतं, आणि बातलच्या पुढे ते पोट दगडांना न लागता वर राहणं हेच तर या गाडीचं काम आहे. सीट उंच असते कारण सस्पेन्शनला वर-खाली व्हायला वीस सेंटीमीटरच्या आसपास जागा दिलेली असते. मोठं चाक खड्ड्यात पडण्याऐवजी त्याच्यावरून निघून जातं. रुंद हँडलमुळे रेतीत हिसका बसला तरी मनगटं तो पेलतात. हे मी वाचलेलं होतं, पण पटलं ते रस्त्यावर.

जाण्याची दिशा आधी सांगते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी किन्नौरच्या बाजूनंच आत शिरावं. रामपूर हजार मीटरवर आहे, कल्पा तीन हजारांना थोडं कमी, नाको ३,६०० मीटरच्या वर. शरीराला एकेक पायरी मिळते. मनालीकडून गेलात तर एकाच दिवसात साडेचार हजार मीटरच्या वरचा कुंझुम अंगावर येतो, आणि सगळ्यात वाईट रस्ताही त्याच दिवशी, विरळ हवेत. डोकं ठणकत असताना गोट्यांवर गाडीचा तोल सांभाळायची वेळ कुणावर येऊ नये.

कल्पा ते नाको हा दिवस मला सगळ्यात आवडला. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, आणि तिथून कड्याला चिकटून रस्ता वर चढत जातो. डांबर मध्येच संपतं, मग खडी, मग धूळ, पुन्हा डांबर. अशा रस्त्यावर मी जवळजवळ सगळा वेळ फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभी होते. उभं राहिलं की शरीराचा भार सीटवरून पेगवर येतो, गुडघे आणि घोटे सस्पेन्शनचं उरलेलं काम करतात, आणि गाडी खालच्या खाली नाचत राहते. टाकी गुडघ्यांनी धरायची, हँडल नाही. हात सैलच हवेत. सीटवर बसले की माझी उंची कमी पडते, पण उभी राहिले की पुरते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ही गाडी माझ्या मापाची वाटली. निघायच्या आधी क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली झुकवून घ्या. बसून चालवायच्या कोनात ते ठेवले तर उभ्यानं चालवताना मनगट मुडपतं आणि तासाभरात दुखायला लागतं. काम पाच मिनिटांचं आहे.

सामानाबद्दल माझं मत ठाम आहे: अशा रस्त्यावर कापडी पॅनियरच, म्हणजे मागच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगाच, हवेत. अॅल्युमिनियमच्या पेट्या दिसायला देखण्या आणि कुलपासाठी उत्तम, पण कच्च्या रस्त्यावर पाय टेकताना तो मागे सरकला तर पेटीखाली सापडू शकतो. जड वस्तू, म्हणजे पाने-अवजारं, ट्यूब, पाणी, खाली आणि शक्य तितकं पुढे. वरच्या बॅगेत फक्त कपडे. सामान लादल्यावर मागचा प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा ताण, वाढवायला विसरू नका, नाहीतर मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर गाडी बाहेर जायला बघते. चेनचंही तसंच. लांब सस्पेन्शनच्या गाडीत मागचं चाक वर-खाली होताना चेन बरीच ताणली जाते, म्हणून साध्या गाडीच्या सवयीनं ती घट्ट करू नका. पुस्तिकेत दिलेली ढील ठेवा आणि सामान चढवून पुन्हा एकदा बघा.

ताबोच्या अलीकडे दादाच्या मागच्या चाकात खिळा गेला. तारांच्या चाकांना बहुतेक वेळा ट्यूब असते, त्यामुळे ट्यूबलेस टायरसारखी बाहेरून भोकात रबराची बत्ती ठोकून पुढे निघायची सोय नाही. चाक काढावंच लागतं. आम्ही दोघांनी मिळून एकच सुटी ट्यूब घेतली होती, २१ इंची. ती पुढच्या चाकाची, पण अडल्यावर मागच्या १८ इंची चाकातही घालता येते. उलटं मात्र जमत नाही. जागा वाचवायची असेल तर हीच एक ट्यूब न्या. टायर चढवताना त्याची समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्यानं दाबून धरायची, म्हणजे हातातल्या बाजूला ढील मिळते आणि टायर चढवायच्या लिव्हरवर जोर करावा लागत नाही. जोर करावा लागतोय याचा अर्थच समोरची कड वर सरकलीय. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून घ्या, म्हणजे ती पिळत नाही आणि लिव्हरखाली चिमटत नाही. आम्हाला पाऊण तास लागला. निघण्यापूर्वी घरी दोनदा हे करून बघितलं होतं म्हणून पाऊण तास. नाहीतर तो दिवस तिथेच गेला असता.

हवेच्या दाबाची एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. वर चढत जाऊ तसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे मैदानात भरलेला टायर वर गेल्यावर जास्त कडक होतो. तापमान तेच धरलं तर साडेचार हजार मीटरवर गेज पाच-सहा पीएसआय जास्त दाखवतो. थंडीनं त्यातला थोडा भाग खाली येतो, पण सगळा नाही. काझाला सकाळी टायर थंड असताना आम्ही हवा मोजली आणि कच्च्या रस्त्यासाठी आणखी थोडी कमी केली. फरक लगेच जाणवतो, खडीवर टायर उड्या मारायचा थांबतो. पण ट्यूबच्या चाकात हवा फार उतरवू नका, दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते. पेनाएवढा गेज आणि छोटा पंप जवळ असू द्या. डांबरावर परतलात की आधी हवा पुन्हा भरा.

काझाला एक दिवस जास्तीचा ठेवा. आम्ही तो लांगझा, हिक्किम आणि कोमिकला घालवला. हिक्किमचं पोस्ट ऑफिस ४,४०० मीटरवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली असतो आणि इंजिन ते स्पष्ट सांगतं. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण नसलेला ऑक्सिजन आणणार कुठून? खाली जो चढ तिसऱ्या गिअरवर सहज गेला असता तो इथे दुसऱ्यावर, कधी पहिल्यावर चढायचा. गाडी बिघडली असं समजून घाबरू नका आणि क्लच अर्धा दाबून ओढत राहू नका, प्लेटा जळतात.

आणि त्याच रस्त्यावर मी गाडी पाडली. वळणावर समोरून गाडी आली, मी थांबले आणि दरीच्या बाजूचा पाय खाली सोडला. रस्ता त्या बाजूला उतरता होता. पायाखाली जमीन लागली तोवर गाडी माझ्या ताकदीच्या पलीकडे झुकली होती. वेग शून्य. अंगाला काही झालं नाही, फक्त क्लचच्या लिव्हरचं टोक तुटलं. दादा मागून आला आणि गाडी बंद करून म्हणाला, "अगं, थांबताना चाकाकडे बघू नकोस. पाय कुठे ठेवणार ते आधी बघ." त्यानंतर मी तेच केलं. थांबायच्या दहा मीटर आधीच डोंगराकडची उंच जागा, एखादा सपाट दगड हेरायचा आणि त्याच बाजूचा पाय काढायचा. बुटक्या रायडरला सीट खाली आणण्यापेक्षा ही सवय जास्त उपयोगी आहे.

गाडी उचलताना मात्र दादाला मी मुद्दाम हात लावू दिला नाही, कारण पुढे एकटी पडले तर उचलता यायला हवी होती. आधी सामान उतरवलं. गिअर टाकून ठेवला, म्हणजे चाक घसरत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून सीटला पाठ टेकली, एका हातात हँडलचं टोक, दुसऱ्या हातात मागचा लोखंडी दांडा, आणि पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत ढकलली. कंबरेतून वाकून उचलायला जाऊ नका. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. जमलं, पण नंतर दहा मिनिटं मी दगडावर बसून श्वास घेत होते. दुसऱ्यांदा लगेच जमलं नसतं.

तिथे बसल्या बसल्या आमचं वजनावर बोलणं झालं. या प्रकारच्या गाड्यांचं नाव झालं ते पॅरिस–डकार शर्यतीमुळे. १९७९ ची पहिली डकार सिरिल नेव्हू या फ्रेंच रायडरनं जिंकली ती यामाहाच्या एक्सटी ५०० वर, एका सिलिंडरच्या साध्या गाडीवर. दोन सिलिंडरची बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस १९८० साली आली, आणि मग गाड्या मोठ्या होत गेल्या. मोठ्या गाडीचं सुख मला माहीत आहे. हायवेवर दिवसभरात पाचशे किलोमीटर कापायचे तर तिच्यासारखी सोबत नाही. पण अशा वाटेवर घेऊन जायची गाडी निवडताना घोडाशक्ती बघण्याआधी ती एकट्यानं उचलून बघा. दादाची छोटी गाडी डांबरावर माझ्या मागे राहायची, आणि कच्च्या रस्त्यावर रोज माझ्या आधी पोचायची.

काझाचा पंप शेवटचा. तिथून कुंझुम, चंद्रताल करत लाहौलमध्ये उतरेपर्यंत पेट्रोल नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी नेहमीपेक्षा जास्त पिते. टाकी काठोकाठ भरून निघा. लोसरला चौकीवर नोंद होते. कुंझुमचा चढ सरळ आहे, पलीकडचा बातलकडचा उतार मात्र सुट्या खडीचा आणि तीव्र वळणांचा. तिथे मागच्या चाकाचं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद करता येत असेल तर करा. एबीएस खडीवर ब्रेक सोडत राहतं आणि गाडी थांबतच नाही असं वाटतं. पुढच्या चाकाचं चालूच राहू दे.

बातल ते ग्रांफू साधारण पन्नास किलोमीटर. आम्हाला साडेपाच तास लागले. रस्ता म्हणजे चंद्रा नदीच्या काठचे गोटे आणि त्यांच्यावरून वाहणारे नाले. नाल्यांचं पाणी वितळलेल्या बर्फाचं असतं, ऊन चढेल तसं वाढतं. म्हणून चंद्रतालहून सहाला निघालो आणि साडेसातला बातल सोडलं. दुपारी हेच नाले घोट्यावरून गुडघ्यावर येतात.

पहिले दोन सहज झाले. तिसऱ्याशी आम्ही उतरलो आणि बूट घालूनच पाण्यात चालून बघितलं. ओल्या पायांची काळजी करू नका, कोरडे मोजे बॅगेत असू द्या. पाणी जिथे पसरून खळखळतं तिथे ते उथळ असतं, जिथे शांत आणि गडद दिसतं तिथे खोल. दादा पहिल्या गिअरवर, थ्रॉटल न हलवता, नजर पलीकडच्या काठावर ठेवून निघून गेला. मी मध्यावर पाण्याकडे बघितलं. वाहतं पाणी बघितलं की आपणच वाहतोय असं वाटतं, हात वळले, पुढचं चाक गोट्यावर आपटलं आणि इंजिन बंद पडलं. डाव्या पायाला दगड मिळाला म्हणून गाडी उभी राहिली. हवा खेचायची जागा पाण्याच्या बरीच वर होती, तेव्हा पुन्हा सुरू करायला हरकत नव्हती. गाडी पाण्यात आडवी झाली असती तर बटण अजिबात दाबायचं नव्हतं, आत पाणी गेलेलं इंजिन फिरवलं की मोडतं. दादा पाण्यात परत आला, मागचा दांडा धरला आणि म्हणाला, "बसू नकोस. उतर आणि चालव." मग मी गाडीच्या डावीकडे उतरले आणि पहिल्या गिअरवर क्लच हळूहळू सोडत, तिच्या शेजारी चालत तिला काठावर आणलं. पुढचे सगळे अवघड नाले मी असेच पार केले. पाय पुरत नसतील तर खाली उतरून दोन्ही पाय जमिनीवर ठेवणं सगळ्यात भक्कम. काठावर आलात की थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चला, ओले पॅड पकडत नाहीत.

ग्रांफूला डांबर लागलं तेव्हा एक वाजला होता. कोकसरला उतरून चहाच्या आधी हवा भरली आणि चाकाच्या तारांवर, म्हणजे स्पोकवर, पान्यानं टकटक केलं. घट्ट स्पोक खणखणीत वाजतो, ढिला बद्द. माझ्या मागच्या चाकात दोन ढिले निघाले, पॅनियरच्या रॅकचा एक बोल्ट गायब होता, आणि एअर फिल्टर झटकला तेव्हा स्पितीची मूठभर धूळ हातात आली. दादानं त्याच्या डब्यातून तसाच बोल्ट काढून दिला. दोन-चार सुटे बोल्ट, थोडी तार आणि प्लास्टिकचे पट्टे हे सगळं त्याच्याकडे निघालं, माझ्याकडे नव्हतं. आता माझ्याही सीटखाली असतं.