तुम्ही विचारलंत म्हणून: त्यात गिटार कुठाय?

मी गिटार वाजवते, म्हणजे वाजवायचे, आमच्या बँडमध्ये दुसरी गिटार माझ्याकडे होती. दुसरी गिटार म्हणजे काय ते बँडवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, जी मधेच बंद पडली तरी समोर बसलेल्यांना पत्ता लागत नाही ती. तर आवडता अल्बम कुठला असं कुणी विचारलं आणि मी रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा 'किड ए' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, अगं पण त्यात गिटार कुठाय? इतक्या वेळा विचारून झालंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

आधी कबूल करते, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो अजिबात आवडला नव्हता. १९९७ चा 'ओके कॉम्प्युटर' मी पाठ केला होता, पाचातले तिघं गिटार वाजवतात असा हा बँड, कुणाचा हात कुठे आहे ते शोधत बसायचं हा माझा टाइमपास. त्याच्या पुढचा अल्बम म्हणून हा लावला तर सुरुवातीलाच एक सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, मऊ आणि जरा कोंदट, आणि गायक थॉम यॉर्कच्या आवाजाचे तुकडे करून इकडून तिकडे फेकलेले. मी आपली गिटारची वाट बघतेय, आता येईल मग येईल, गाणं संपलं तरी आलीच नाही.

झालं होतं असं की 'ओके कॉम्प्युटर' नंतरच्या टूरने यॉर्क पार पिळून निघाला होता, गाणी सुचेनात, गिटारच्या आवाजाचाच कंटाळा आलेला, आणि ऐकत काय होता तर एफेक्स ट्विन आणि ऑटेकर, म्हणजे सगळं इलेक्ट्रॉनिक संगीत. १९९९ च्या जानेवारीत पॅरिसला रेकॉर्डिंग सुरू झालं, मग कोपनहेगन, मग ग्लॉस्टरशरमधलं एक मोठं घर, शेवटी ऑक्सफर्डजवळचा स्वतःचा स्टुडिओ. यॉर्क पूर्ण गाणी आणतच नव्हता, ड्रम मशीनचा एखादा ठेका नाहीतर नुसता एखादा आवाज आणायचा, आणि बाकीच्यांनी त्याचं काय करायचं? गिटारवाला एड ओब्रायन छोटी, सुरेल, गिटारची गाणी करूया म्हणत होता. प्रकरण इतकं ताणलं गेलं की रिलीज करण्यालायक अल्बम झाला नाही तर बँड बंद करायचा असंही त्यांनी आपसात ठरवलं होतं.

आमच्याकडे ही वेळ आली तेव्हा आम्ही काय केलं ते सांगते. आमच्या गायकाने लॅपटॉपवर एक ट्रॅक करून आणला होता, खरंच चांगला होता, मोकळा, त्यात कुणाचीच गरज नव्हती. आणि मी गिटार मांडीवर घेऊन बसलेली. मला कळत होतं की इथे गप्प बसायला पाहिजे, पण मी म्हटलं काहीतरी कमी आहे, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक एक फ्रेज घातली. कुणी मला नको म्हणालं नाही. गाणं मेलं. बँड लगेच मोडला वगैरे नाही, पण लॅपटॉपवरचं काही त्याने परत आणलं नाही.

म्हणून मला ओब्रायनचं काय झालं यातच जास्त इंटरेस्ट आहे. प्रोड्युसर नायजेल गॉडरिचने एक युक्ती केली होती, बँडचे दोन गट पाडले, एका खोलीतल्यांनी गिटार-ड्रम्सना हात न लावता काहीतरी आवाज तयार करायचा आणि दुसऱ्या खोलीतल्यांनी तो पुढे न्यायचा. पूर्ण गाणं त्यातून एकही निघालं नाही. पण ओब्रायनला पटलं की या यंत्रांतही काहीतरी आहे. आणि ते पहिलं गाणं, ज्यात मी गिटारची वाट बघत होते ना, 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस', त्याच्याबद्दल ओब्रायन आणि ड्रमर फिल सेल्वे दोघंही नंतर म्हणाले की प्रत्येक गाण्यात प्रत्येकाने वाजवलंच पाहिजे असं नाही हे त्यांनी त्या गाण्यामुळे स्वीकारलं. आपल्या बँडचं एवढं भारी गाणं झालंय, त्यात आपला एक सूर नाही, आणि तरी आपण खूश आहोत. करून बघा एकदा, मला नाही जमलं.

बरं, कॉम्प्युटरचं संगीत म्हणाल तर तेही अर्धंच खरंय. 'द नॅशनल अँथम' मधला तो बास यॉर्कने स्वतः वाजवलाय, म्हणजे बासवाला कॉलिन ग्रीनवुडही बाहेर बसलेला! 'हाउ टु डिसअपिअर कम्प्लीटली' मध्ये सरळ अकूस्टिक गिटार आहे आणि व्हायोलिनवाले एका जुन्या चर्चमध्ये बसवून रेकॉर्ड केलेत. त्यावर जो रडल्यासारखा आवाज ऐकू येतो तो ओंद मार्तनोचा, हे वाद्य मोरिस मार्तनो नावाच्या फ्रेंच चेलोवाल्याने १९२८ मध्ये लोकांसमोर आणलं, बोटात रिंग घालायची आणि ती तारेवरून सरकवत सूर काढायचा. विजेवर चालतं, पण बोट जरा हललं तर सूर हलतो. बँडमधलाच गिटारवाला जॉनी ग्रीनवुड ते वाजवतो, आणि 'किड ए' याच नावाच्या गाण्यात तर यॉर्क शब्द नुसते बोललाय, त्यांची चाल जॉनीच्या या वाद्यातून आलीय.

'इडिओटेक' या गाण्याचं तर काय सांगू. जॉनीने ड्रम मशीन आणि मॉड्युलर सिंथवर जवळजवळ ५० मिनिटं नुसता गोंधळ घालून ती टेप यॉर्कला दिली, त्यातला मिनिटभराचाही नसेल असा तुकडा यॉर्कने उचलला. त्यात जे चार कॉर्ड्स फिरत राहतात ते पॉल लान्स्की नावाच्या अमेरिकन संगीतकाराचे, त्याने ते सत्तरच्या दशकात प्रिन्स्टनला आयबीएमच्या खोलीभर मोठ्या कॉम्प्युटरवर तयार केले होते. जॉनीने त्याला पत्र लिहून परवानगी मागितली आणि त्याने दिली. तो माणूस स्वतः नंतर कॉम्प्युटर सोडून साध्या वाद्यांसाठी लिहायला लागला, हा आणखी एक मजेशीर भाग, पण तो परत कधीतरी.

अल्बम २००० च्या ऑक्टोबरमध्ये आला, एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, काढला नाही, नॅपस्टर या फुकट गाणी वाटायच्या साइटवर आधीच फुटला होता, आणि तरी ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेला. हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

हां, गिटार. पाचवा ट्रॅक आहे 'ट्रीफिंगर्स'. ठेका नाही, शब्द नाहीत, साडेतीन-चार मिनिटं नुसतं धुकं. ती ओब्रायनची गिटार आहे, यॉर्कने तिचे तुकडे घेऊन इतके ताणले-वितळवलेत की तार छेडल्याचा आवाजच उरला नाही. आता कुणी कुठाय विचारलं की मी काही बोलत नाही, हेडफोन त्यांच्या कानाला लावते आणि विचारते हे काय वाजतंय सांगा. ऑर्गन म्हणतात, सिंथ म्हणतात, एकजण तर देवळातल्यासारखं वाटतंय म्हणाला. गिटार अजून कुणी म्हटलेलं नाही.