खाली एक ओळ इंग्रजीत

लिफ्टशेजारच्या बोर्डावर कचऱ्याची नवीन नोटीस लागलीये. त्यात विशेष काही नाही, नोटिसा लागतच असतात, सायकली नीट लावा, रात्री उशिरा वॉशिंग मशीन लावू नका, आणि प्रत्येकीवर ते गोबऱ्या गालांचं कार्टून कमरेत वाकून उभं असतं. पण ह्या वेळी जपानीच्या खाली एक ओळ इंग्रजीत आहे. प्लीज सेपरेट युअर गार्बेज.

आणि ह्या बिल्डिंगमध्ये इंग्रजी लागणारे कोण, तर आम्ही दोघं.

म्हणजे टोकियोतलं निशिकासाई म्हटलं की लोकांना वाटतं पावलापावलावर आपली माणसं, आणि आहेतच, स्टेशनकडे गेलं की मराठी पण कानावर पडतं, पण आम्ही येऊन पडलो ह्या आतल्या गल्लीतल्या छोट्या बिल्डिंगमध्ये (भाडं, दुसरं काय). तर झालं असं की मागे जाळायच्या कचऱ्याच्या दिवशी कुणीतरी एक पिशवी ठेवली, आत सगळ्या पेट बाटल्या, झाकणं लेबलं तशीच, एकीत तर अर्धा चहा. गाडीवाल्यांनी ती नेली नाही, स्टिकर लावला आणि निघून गेले, आणि ती दिवसभर कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली एकटी बसून होती. येणारा-जाणारा बघत होता. मी पण बघितली. आमची नव्हती.

आमची नव्हती हे सांगू कुणाला पण? कुणी विचारलंच नाहीये!

तिकडे असते तर बी विंगच्या काकू ती पिशवी घेऊन थेट दारात आल्या असत्या, ही तुमचीच ना गं, मग मी आवाज चढवला असता, त्यांनी चढवला असता, वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून खरं नाव सांगितलं असतं आणि अर्ध्या तासात काकू आमच्याकडेच चहा पीत बसल्या असत्या. इथे भांडायलाच कुणी येत नाही, मग निकाल लागणार कसा. त्या तोकुशिमाच्या कामिकात्सु गावात म्हणे कचऱ्याची गाडीच येत नाही, लोक आपापला कचरा केंद्रावर नेऊन चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करून टाकतात. पूर्वी वाचून हसले होते, आता वाटतं बरंय की, कोण काय टाकतंय ते समोरासमोर तरी कळतं.

इथे आरोप सगळ्यांवर मिळून होतो आणि तोही आभार मानून. स्टेशनच्या टॉयलेटमध्ये नाही का लिहिलेलं असतं, नेहमी स्वच्छ वापरल्याबद्दल धन्यवाद. अहो मी अजून आत पाऊल टाकलं नाही! आणि एकदा घेतलेले धन्यवाद परत कसे करणार, त्यामुळे माणूस मुकाट्याने स्वच्छ वापरतो. माफीचंही तसंच, कुणी मागायच्या आधी हजर. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी मिनामी-नागारेयामा स्टेशनवरून २० सेकंद लवकर सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती, ९:४४:४० ला सुटायची ती ९:४४:२० ला सुटली. जगभर लोक हसले, मी पण फॉरवर्ड केलं होतं. आता हसू येत नाही. जिथे २० सेकंद नजरेतून सुटत नाहीत तिथे लेबलासकट बाटली कोण विसरेल.

दुधाचे खोके धुवून, कापून, वाळवून ठेवते मी. ग्लास फुटला तर पेपरात गुंडाळून वर 'धोका' लिहिते. माहेरी कधी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं नव्हतं. आणि एवढं करून शेवटी पिशवी कुणाची, तर परदेशी लोकांची. शेजारच्या आजी लिफ्टमध्ये 'आज गार आहे नाही' म्हणाल्या त्या पण मला नेहमीपेक्षा कमी हसून म्हणाल्यासारख्या वाटल्या. आई म्हणते जाऊन सरळ सांग. न विचारता सांगितलं की तीच कबुली होते हे आईला कसं समजावू. हा म्हणतो, केअरटेकर आजोबांनी आपल्याला कळावं म्हणून आपुलकीने लिहिलं असेल, डिक्शनरी काढून वगैरे. असेलही. पण मग ते आणखीनच... जाऊ दे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्याकडे चोरी न करताच लख्ख पौर्णिमा.

एक मात्र झालंय, आमचा कचरा सध्या बघण्यासारखा असतो. पिशवी आतलं दिसेल अशीच लागते, म्हणून दर्शनी बाजूला काय यावं ह्याचा मी विचार करते, रुखवत मांडतात तसा मांडते. आणि आजोबा झाडत असतात नेमकं तेव्हाच घेऊन उतरते. ते वाकतात, मी वाकते, ते परत वाकतात, आणि पिशवीकडे कुणी ढुंकून बघत नाही. दुसऱ्याच्या कचऱ्यात डोकावू नये एवढी सभ्यता त्यांच्याकडे आहे, ती नेमकी इथेच आड येते.

काल जुना कुकर टाकायचा होता. कुठलीही बाजू ३० सेंटीमीटरच्या वर गेली की मोठा कचरा, मग आधी बुकिंग करा, कॉम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, पैसे भरून स्टिकर आणा. कुकर ३० मध्ये बसतो, हँडल धरलं तर बसत नाही. हा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलाच होता, मी म्हटलं थांब, हात नको लावू, हे विचारायला जाता येईल! आजोबांनी कुकर दोन्ही हातांनी घेतला, टेप आणली, हँडलसकट मोजला, हँडल सोडून मोजला, शिट्टी उचलून खाली बघितलं आणि दातांतून स्स्स करून श्वास आत ओढला, म्हणजे इथे अवघड आहे बुवा. चौकशी करून सांगतो म्हणाले. पिशवीचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात तेच म्हणाले, तुम्ही नेहमी कचरा नीट टाकता, धन्यवाद.

आता हे धन्यवाद खरे की टॉयलेटवाले?

रात्रभर ह्याला विचारत होते, तो झोपला.

आज सकाळी बोर्डावर आणखी एक नोटीस. हँडल असलेली भांडी टाकण्याबाबत सर्व रहिवाशांना विनंती. खाली इंग्रजी. कार्टूनवाल्यांकडे कुकर नसावा, त्यामुळे आजोबांनी पेनाने स्वतःच काढलाय. शिट्टी अगदी बरोबर आलीये, हँडल मात्र दोन्हीकडे काढलंय.