मर्दाला एरर मेसेज नसतो

"मर्द बॅकअप घेत नाही" हा विनोद काही नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या कॅन्टीनमध्ये जन्मला नाही. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९६ मध्येच लिहिलं होतं, की टेपवर बॅकअप घेणं हे घाबरटांचं काम. खरे मर्द आपला माल एफटीपीवर, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येईल अशा सर्व्हरवर टाकतात आणि बाकीचं जग त्याच्या कॉप्या सांभाळतं. मला तो विनोद आजही आवडतो. लिहिणाऱ्याला आपण काय बोलतोय ते ठाऊक होतं.

पण आमच्याकडे सिन्नरहून नवीन आलेला एक पोरगा आपला कोड तपासून द्या म्हणून रिव्ह्यू मागायला गेला, तेव्हा सीनियर म्हणाला, "मर्द आहेस ना? टाक डायरेक्ट प्रॉडक्शनवर!" म्हणजे न तपासता थेट लोक वापरतात त्या सर्व्हरवर. सगळे हसले, तोही हसला. नंतर त्याने विचारणंच सोडलं. बाकीचे घरी गेले तरी हा मर्ज कॉन्फ्लिक्टशी, म्हणजे दोघांचे कोडमधले बदल एकमेकांना आडवे येतात त्या घोळाशी, एकटाच झुंजत बसायचा. सीनियरच्या या विनोदाचा मला मनापासून राग आहे.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. बॅकअपच्या पद्धती होत्या, पण ऐन वेळी एकही धड चालेना. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी काय केलं? दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, सगळं जाहीर लिहिलं आणि खापर त्या माणसावर न फोडता पद्धतीतल्या भोकांवर बोट ठेवलं. मर्दानगी म्हणायचीच तर मी याला म्हणेन.

विनोद बंद करा असं मी म्हणत नाही. गंगापूर रोडला मिसळ खाताना आमच्यातलीच एक जण म्हणाली, "तुम्हा पुरुषांना एरर मेसेजच नसतो रे. चालतंय, चालतंय, चालतंय, आणि धाडकन क्रॅश!" दुसरी म्हणाली, "आणि लॉग उघडून बघावा तर एकच ओळ: काही नाही, ठीक आहे." रश्श्याचा ठसका लागेपर्यंत हसलो आम्ही. आणि मला बाबा आठवले. सातपूरला कारखान्यात शिफ्ट करणारे, छातीत दुखत असताना "गॅस झालाय" म्हणत बसलेले. आईने हट्टाने दवाखान्यात नेलं म्हणून आज ते आहेत.

असे विनोद हवेत. गप्प बसणाऱ्याला बोलतं करणारे. सिन्नरच्या त्या पोराला मी हा एरर मेसेजचा विनोद सांगितला, तर म्हणाला, "दादा, मग माझा एरर मेसेज ऐका. हा रीबेस मला कळतच नाहीये." रीबेस म्हणजे आपले बदल इतरांच्या नव्या कोडवर पुन्हा चढवणं. दोघांनी बसून तो संपवला. प्रॉडक्शनवर दुसऱ्या दिवशी टाकला, बॅकअप रिस्टोअर होतोय याची खात्री करून.