माझ्या नावाचं कर्ज, मी न घेतलेलं
वसुली एजंट माझं पूर्ण नाव, जन्मतारीख, जुना पत्ता घडाघडा म्हणून दाखवत होता. फक्त कर्ज मी घेतलेलं नव्हतं. "थोडे भरा, मिटवून टाकू," हेही गोड आवाजात सुचवून झालं. असं कुणी म्हणालं तर एक पैसाही भरू नका. भरलात की कर्ज तुम्हाला मान्य आहे, असं म्हणायला त्यांना वाव मिळतो.

मी आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, बँकेचा नंतर. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक ईमेलवरच येतात ना! सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंगही तपासा. पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहू शकतं आणि तुमचे मेल गुपचूप भलतीकडे जात राहतात.

मग पोलीस तक्रार, आणि तिची प्रत. ती नसेल तर पुढे फारसं कुणी दाद देत नाही. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, सगळ्या क्रेडिट ब्युरोंकडून (अशा नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून) मागवा. सगळ्यांकडच्या नोंदी सारख्या नसतात. चुकीच्या नोंदीवर लेखी हरकत घ्या.

कर्ज देणाऱ्यांकडे मी मूळ अर्जाची प्रत मागितली. सही माझी नाही, फोटो माझा नाही, मोबाइल नंबर तर भलताच. फोनवर कितीही हुज्जत घालून जे होत नव्हतं, ते त्या एका कागदाने झालं.

"केस बंद झाली" हे तोंडी ऐकून घेऊ नका, पत्र मागा. आणि काही महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढा. थकबाकी दुसऱ्या वसुलीवाल्याला विकली गेली असेल तर तीच नोंद नव्या नावाने परत उगवते.