तलावाची भरती रेषा

बारावीला किनारपट्टी नियमन शिकवत होते. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या माझ्या वर्गात समुद्र पाहिलेलं एकही पोर नाही. म्हणून फळ्यावर रेघ मारून दाखवली: उधाणाचं पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती भरती रेषा. केंद्र सरकारच्या 1991च्या अधिसूचनेनं तिथून आत 500 मीटरपर्यंत निर्बंध आले. गावांत 200 मीटर बांधकामबंदी होती. 2019मध्ये दाट वस्तीच्या गावांत ती 50 मीटरवर आणायची वाट मोकळी झाली.

मागच्या बाकावरची ढिवराची, म्हणजे मासेमार घरातली, पोर उठली. "मॅडम, आमच्या तलावाले अशी रेघ रायते का जी?"

मधल्या सुट्टीत मोबाइलवर पाणथळ जागा जपायचे 2017चे नियम उघडले. किनाऱ्याची अधिसूचना निघाली तीही 1986च्या पर्यावरण कायद्याखाली आणि हे नियमही त्याच कायद्याखाली, म्हणून आशा होती. पण व्याख्येतच लिहिलंय: सिंचनासाठी माणसानं बांधलेली जलाशयं यात येत नाहीत. आमचा तलाव मालगुजारी, म्हणजे एकेकाळी जमीनदारांच्या ताब्यातला, धानासाठीच बांधलेला. शेकडो वर्षांचं पाणी, त्यात मासे, देवधान म्हणजे रानभात, हिवाळ्यात बदकं, आणि हे सगळं एका ओळीनं बाहेर! मला हे अजिबात पटत नाही.

दुपारी पोरांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेलं. त्या मुलीची आजी जाळं वाळत घालत होती. पाणी कुठवर येतं विचारलं, तर काठावरच्या मोहाकडे बोट दाखवून म्हणाली, "पोळ्याले ह्या झाडाच्या बुडाले लागते. माह्या सासूनंबी हेच सांगतलं होतं."

पोरांनी मोहापासून पाण्याच्या दिशेनं पावलं मोजली. एक्केचाळिसाव्या पावलाला धुरा, म्हणजे शेताचा बांध, लागला, ताज्या मातीचा. आत कुणीतरी बांधी पाडली होती. म्हणजे तलावाच्या पोटातच शेत. आजी काही बोलली नाही, जाळ्यातला काडीकचरा काढत राहिली.

संध्याकाळी ती मुलगी आणि मी ग्रामसभेसाठी अर्ज लिहायला बसलो. गावतलावांसारख्या गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांनी योजना करावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2011चा आदेश मी त्यात घातला. मुलीनं मोहाचं झाड आणि एक्केचाळीस पावलं घातली. पण अडलो पहिल्याच ओळीत, तलावाचा गट क्रमांक कुणालाच ठाऊक नव्हता. निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामायिक वापराच्या हक्कांची नोंद, पाहायला उद्या तलाठ्याकडे दोघींनी जायचं ठरलं.