तुम्ही विचारलंत म्हणून: एलएस पण चालेना, आता फॉरमॅट मारू का?

हे मला सारखं कुणी ना कुणी विचारतं, लिनक्स सर्व्हरवर काहीतरी उडालं, आता एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) नाही, कॅट (फाइल वाचून दाखवणारी) नाही, सुडो (रूट म्हणजे ॲडमिनच्या अधिकारात कमांड चालवणारी) पण नाही, मशीन गेलं का? नाही गेलं. फक्त ती उघडी असलेली विंडो बंद करू नका, लॉगआउट नको आणि रिबूट तर अजिबातच नको, कारण बॅश, म्हणजे त्या विंडोत तुमच्या कमांड घेणारी शेल, आधीच मेमरीत चालू आहे, त्याची लायब्ररी पण तिथेच लोड झालेली आहे, म्हणून तो अजून जिवंत आहे, नवीन लॉगिन मात्र मिळेलच असं नाही.

आधी इको करून पाथ बघा, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी. बऱ्याचदा तोच बिघडलेला असतो, नीट एक्स्पोर्ट केला की संपलं.

तसं नसेल तर बॅशच्या पोटातल्या कमांड वापरायच्या, त्यांना डिस्कवरचा वेगळा प्रोग्राम लागतच नाही. एलएसच्या जागी इको स्टार, सीडी करत फिरायचं, डॉटने सुरू होणारी लपलेली सोडली तर सगळी नावं दिसतात. कॅटच्या जागी व्हाइल रीडचा लूप, त्यात फाइल रिडायरेक्ट करायची न् एकेक ओळ इको करायची. फाइल लिहायला प्रिंटएफ. एवढ्यावर खूप काही होतं, खरंच.

लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते कुणीतरी लिबसी डॉट एसओ डॉट ६ (जवळपास सगळ्या प्रोग्रामना लागणारी सामायिक लायब्ररी) दुसरीकडे हलवली की, कारण मग जवळपास प्रत्येक कमांड शेअर्ड लायब्ररी सापडत नाही म्हणून पडते. इको स्टारने ती फाइल शोधा. समजा रूटच्या बॅकअप फोल्डरात सापडली, तर एमव्ही (फाइल हलवणारी कमांड) च्या आधी, त्याच ओळीत, एलडी_लायब्ररी_पाथ या व्हेरिएबलमध्ये तो फोल्डर द्यायचा, लोडर (प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा) तिथून लिबसी उचलतो आणि एमव्ही तिला परत जागेवर नेऊन ठेवते! पण शेल आधीपासून रूटची हवी, सुडोला पण तीच लिबसी लागते आणि सुडोसारखा सेटयूआयडी प्रोग्राम (फाइलच्या मालकाच्या अधिकारात चालणारा) असला की लोडर हे व्हेरिएबल मानत नाही. आणि कमांडच्या आधी एक्सेक लावू नका हं, मग शेलच्या जागी ती कमांड येते, लोडर अडखळला की हातातली शेल पण जाते.

परमिशन बदलणाऱ्या सीएचमॉड कमांडचीच एक्झिक्यूट (चालवायची) परमिशन गेली असेल तर एलडी-लिनक्स लोडर थेट चालवा, पुढे सीएचमॉडचा पूर्ण पाथ आणि नेहमीचे ऑप्शन, चालतं.

सगळं जागेवर आलं वाटलं तरी दुसऱ्या विंडोतून नवीन लॉगिन करून सुडो चालतंय का बघा, मगच जुनी बंद करा.